मुकी अक्षरं

रात्रभर काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलून
सकाळी सातला मी घरी पोचतो,
तेव्हा एल्वी टेबलाशी बसलेली असते,
ओटमीलच्या वाडग्याला टेकवलेलं एक पातळ पुस्तक.
मार्लिस बूट चढवता चढवता सांगते,
"काल 'श' झाला, 'च' झाला. कॉफी किटलीत आहे,"
आणि दवाखान्याच्या ड्यूटीवर निघून जाते.

आमची शाळा म्हणजे
एक टेबल, एक लाकडाची शेगडी
आणि डोळ्यांत झोप घेऊन बसलेला मास्तर.
खिडकीतून सुपीरियर सरोवर दिसतं,
दिसतं म्हणजे, कुठून सुरू होतं ते जानेवारीत कळत नाही.

पातळ पुस्तकात मांजर चटईवर बसतं.
पुढच्या पानावरही बसतं.
मग उंदीर येतो. तोही बसतो.
"डॅड, यांना काही कामधंदा नाही का?"
नाही, म्हटलं,
म्हणून तर ते वाचायला सोपे आहेत.

सुटे आवाज ती चिल्लरीसारखे मोजते
आणि बंदा शब्द माझ्या तळहातावर ठेवते.
फक्त 'नाइट'पाशी अडली.
मधोमध दोन अक्षरं, दोघंही गप्प.
"बोलायचंच नाही, तर आली कशाला?"

मला ओनीआजोबा आठवले,
वडिलांचे काका.
दर नाताळला यायचे, टोपी मांडीवर घेऊन बसायचे,
मासे खायचे, बटाटे खायचे,
एक शब्द न बोलता आपल्या ट्रककडे चालत जायचे.
ते गेल्यावरही त्यांची खुर्ची
आईनं बरीच वर्षं हलवली नव्हती.

घरचीच आहेत ती, मी म्हटलं. बसू दे.

वाचनालयाच्या तळघरातल्या विक्रीत
पन्नास सेंटला एक जाड पुस्तक मिळालं.
पुलाखाली पोस्ट चालवणारं एक पाणमांजर,
चौदा प्रकरणं,
चित्रं सगळी मिळून सात, तीही बिनरंगाची.
एल्वीनं ते मधूनच उघडलं.
"एवढी काळी पानं?"
मिटलं, आणि टेबलाखाली जाऊन बसली.

मी काही बोललो नाही.
शिकवणं मला कुणी शिकवलेलं नाही,
मी स्वतः नववर्षांचा होईतो अडखळत होतो
आणि अजूनही फॉर्म भरताना ओठ हलतात.
सिरियलच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला,
त्याला एक फट कापली, बरोब्बर एका ओळीची,
आणि तो टेबलाखाली सरकवला.

थोड्या वेळानं खालून आवाज आला,
एकच ओळ.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरी.

डावं पान माझं, उजवं तिचं,
असं ठरवून आम्ही तिसऱ्या प्रकरणाशी आलो.
टपालाच्या पिशवीतून एक पत्र नाहीसं झालेलं,
पाणमांजर कंदील घेऊन नदीकाठी निघालेलं,
आणि फोन वाजला.
वादळ. सगळे ट्रक बाहेर काढा.
माझं पान अर्ध्यावर राहिलं.

परतलो ते एकोणीस तासांनी.
भुवयांवर बर्फ, पायांत पाय नाहीत.
शेगडीजवळच्या जळणात
तो फटीचा पुठ्ठा पडलेला.
पुस्तक उशीवर पालथं,
शेवटची काही पानंच उरलेली.

"पत्र कुणी घेतलं?" मी विचारलं.

एल्वीनं माझ्याकडे पाहिलं.
कालपर्यंत तिला ठाऊक असलेलं सगळं
मला आधीच ठाऊक असायचं.
"तूच वाच," ती म्हणाली.
"सांगून टाकलं तर मजा जाते."

झोपायला हवं होतं. कॉफी गार होती.
मी बूट न काढताच खुर्चीत बसलो,
तिसरं प्रकरण काढलं,
ओळीखाली बोट धरलं आणि निघालो,
हळू, माझ्याच चालीनं.
ती समोर हनुवटी टेकून बसली होती,
सगळं माहीत असलेली,
'नाइट'मधल्या त्या दोघांसारखी,
अवाक्षर न काढता.